कॅमेऱ्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

धाकू डिचोलीहून परतला तो ज्ञानी होऊनच. सकाळी पेडण्याच्या स्टँडवर बसमध्ये चढताना तो भिरंडांचं भाट, म्हणजे कोकमाची बाग, असलेला एक साधा माणूस होता; संध्याकाळी उतरला तेव्हा 'वनोपज उद्योजक' झालेला होता. तसा पट्टाच होता गळ्यात, नावासकट. तो काढायचं त्याच्या काही मनात येईना. तिठ्यावर चहा पिताना पट्टा, पोदेराकडून पावाचे उंडे घेताना पट्टा. घरी पाय धुताना तो बालदीत बुडाला, तेव्हा कुठे प्रभावतीचं लक्ष गेलं.

"ह्या काय? हॉस्पिटलातसून इलात?"

"गो, तुका कळाचा नाय. उद्योगाचा ओळखपत्र ता."

"कोणाक ओळख पटाची होती? बसवाल्याक?"

धाकूने पट्टा पिळून पुन्हा गळ्यात घातला. ज्ञानी माणसाने घरच्यांशी वाद घालू नये, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या दिवशी आपसूक सुचलं.

धाकूचं भाट गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. वैशाख लागला की तिथल्या पानांच्या काळोखात भिरंडं पेटायची, कुणी विसरून गेलेल्या पणत्यांसारखी, दिवसाढवळ्या. ती काढायची, फोडायची, सालीला मीठ लावायचं, तिचाच रस तिलाच पुन्हा पुन्हा पाजून उन्हात वाळवायची, म्हणजे सोलं होतात. देशावरचे लोक त्याला आमसूल म्हणतात आणि आमटीत एक टाकून दोघांना पुरवतात. हा सगळा उपद्व्याप प्रभावती करायची. धाकू ती सोलं विकायला बाजारात न्यायचा, आणि जो माल विकतो तोच पिकवतो, असं पेडण्याच्या बाजारात सगळे धरून चालतात.

पण त्या भाटाला एक ग्रहण लागलेलं होतं. मागे कधीतरी डोंगरांची मोजणी झाली, त्यात कुणीतरी लांबून बघितलं असावं. लांबून काय, हिरवं ते हिरवंच. धाकूचं भाट रानांच्या यादीत जाऊन बसलं. यादीत बसलेल्या जमिनीवर खुंटी ठोकायची सोय नाही. आणि धाकूचा मुलगा गौरेश तर तिकडे वास्कोला बंदरात नोकरी करत दिवसातून एकदा तरी फोनवर म्हणायचा, "बाबा, दोन खोल्यो. फकत दोन. थंयसून मांद्र्याचो दर्या दिसता. मांद्र्यात लोक गुरांच्या गोठ्याक रंग काढून पर्यटकांक देतत. खोल्यो झाल्यो तर मी नोकरी सोडून घराक येतंय."

घराक येतंय. या दोन शब्दांसाठी धाकूने अर्ज केला होता: हे रान नव्हे साहेब, हे लावलेलं भाट, माणसाच्या हाताचं. अर्जाचं उत्तर आलं होतं की समिती येऊन पाहील, आणि गावच्या माणसांची साक्ष घेईल. समिती कधी येईल ते समितीलाही ठाऊक नव्हतं. धाकू वाट बघत होता. आणि वाट बघणाऱ्या माणसाला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं की तो जातोच, त्यात जेवण असेल तर नक्कीच.

डिचोलीच्या त्या सभागृहात पंखे थंड हवेचे होते आणि खुर्च्या लग्नाच्या. पणजीच्या एका कंपनीतली तनया नावाची मुलगी पडद्यावर चित्रं दाखवत होती. एका चित्रात बाजारातल्या पिशवीतली सोलं, दुसऱ्यात तीच सोलं काचेच्या बाटलीत. बाटलीच्या गळ्याला सुंभाचा तुकडा बांधलेला.

"काका, या दोन्हींत फरक काय?" तनयाने विचारलं.

"सुंभ," मागून कुणीतरी म्हणालं.

"फरक स्टोरीचा आहे," तनया गोड हसली. "पिशवीतलं कोकम शेतातलं. बाटलीतलं रानातलं. शेतातल्या कोकमाला भाव मिळतो. रानातल्याला मान मिळतो. शहरातल्या माणसाला आता लावलेलं काही नको आहे, त्याला आपोआप उगवलेलं हवं आहे. मला सांगा, तुमच्यापैकी कुणाची भिरंडं रानातली आहेत?"

आधी एक हात वर झाला, मग चार. मग जे शेजाऱ्याच्या हाताकडे बघत होते त्यांचेही झाले. सकाळी त्या सभागृहात बागाईतदार बसले होते. दुपारच्या जेवणापर्यंत सगळे वनवासी झाले. धाकूने तर दोन्ही हात वर केले. जेवणाबरोबर प्यायला बाटलीतलं नारिंगी रंगाचं काहीतरी होतं. सोलकढी नव्हती. विचारल्यावर कळलं की ती केटररच्या यादीत बसत नाही.

तनयाने निघताना धाकूला बाजूला घेतलं. "काका, तुमचा चेहरा छान आहे. मातीतला आहे. आम्ही येऊन व्हिडिओ करू. फक्त तिथे लागवडीच्या खुणा दिसता कामा नयेत हं."

चेहऱ्याची स्तुती धाकूच्या कानात बसमधून उतरेपर्यंत वाजत राहिली. कंपनीला सांगायचं रान, समितीला सांगायचं भाट. एक पणजीचं, एक सरकारचं. दोघांची गाठ पडतेय कशाला? बसच्या खिडकीत कपाळ टेकवून त्याने हा हिशेब पक्का केला, आणि त्यात त्याला एकही भोक दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो रान तयार करायला लागला.

आधी गडगा पाडला. चिऱ्यांची ती बुटकी भिंत त्याच्या बापाने रचलेली होती. तिचे चिरे त्याने ढकलून ओहोळात दिले. मग झाडांच्या बुंध्यांभोवतीची आळी बुजवली. पाण्याची नळी गुंडाळून गोठ्यात टाकली. कुठून तरी काटेरी झुडपं आणून मधे मधे खोचली; ती दोन दिवसांत सुकून आणखीच रानटी दिसू लागली, त्यामुळे तो खूश झाला. पण एका गोष्टीला इलाज चालेना. भिरंडं रांगेत होती. देवाने लावलेली झाडं अशी शाळेच्या पोरांसारखी हात लांब करून उभी राहत नाहीत, हे धाकूलाही कळत होतं. मग कोयता आणि कुऱ्हाड घेऊन आला, आणि रांग मोडावी म्हणून मधली दोन ऐन फळावरची झाडं तोडली.

रान दिसावं म्हणून झाडं तोडणारा माणूस पेडणे महालात तरी पहिलाच असावा.

प्रभावती दुपारी टोपली घेऊन वर गेली ती रिकामी टोपली घेऊन खाली आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर धाकू निभावून गेला असता. ती ओसरीवर सोलं पसरायला बसली आणि त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात गुणगुणू लागली:

"माझ्या घरचो गे धनी, रानाचो झालो ज्ञानी,
घरच्या बावीक म्हणता, देवाघरचा पाणी..."

"कोणाक म्हणतंस ता?" धाकूने विचारलं.

"सोलांक. तुमका कशाक म्हणा? तुमी उद्योजक."

"गो, दोन झाडां गेली तर काय झाला? बाकीच्यांक सोन्याचो भाव येतलो."

"दोन झाडां," ती म्हणाली. "पयल्या वर्साक घागरीन पाणी घातलंय तेंका. तेव्हा गौरेश पोटात होतो. तुमका आठवता? नाय आठवाचा. तुमी तेव्हा भजनी मंडळात होतात."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, ताट पुढे सरकवायची. ताटाचा आवाज काय तो व्हायचा.

तनया आली ती गाडी भरून. कॅमेरा, छत्र्या, आणि एक मुलगा नुसता धूर करायला. सकाळचं धुकं दिसावं म्हणून. गाव जमलं, कारण गावाला त्या दिवशी दुसरं काही नव्हतं. धाकूला धोतर नेसवलं होतं. त्याने आयुष्यात लग्न सोडून धोतर नेसलं नव्हतं, आणि लग्नातलंही सुटलं होतं. प्रभावतीला तनयाने दोनदा बोलावलं. "काकी, तुम्ही टोपली घेऊन फक्त चाला." काकींनी आतूनच सांगितलं की पाहुण्यांचा चहा कोण करणार, आणि दार ओढून घेतलं.

"काका, सुरू करा. कॅमेऱ्यात बघून बोला, ही झाडं कशी आली?"

धाकूने तोंड उघडलं आणि त्याच्या घशातून फक्त "नमस्कार" निघाला. पुन्हा "नमस्कार". तिसऱ्यांदाही तेच. धुरवाल्या मुलाचा धूर संपत आला. मग तनयाला कुणीतरी सांगितलं की काका गावाचं गाऱ्हाणं घालतात.

गाऱ्हाणं हे धाकूचं राज्य. वरच्या उतारावर माट्टीच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. गावात काही नवं करायचं, काही मागायचं, काही चुकलं तर कबूल करायचं, सगळं तिथे उभं राहून, मोठ्याने. एकाने म्हणायचं आणि गावाने होकार भरायचा. धाकूचा आवाज असा की वाऱ्यालाही थांबून ऐकावंसं वाटेल. त्याच्या मागे वर्षानुवर्षं बाबली उभा राहायचा, हातात नारळ घेऊन, आपली पाळी कधी येईल याची वाट बघत.

"वॉव," तनया म्हणाली. "तेच करू या."

धाकू पाषाणापुढे उभा राहिला. हात जोडले. आणि त्याच्या गळ्याचं कुलूप निघालं.

"बा देवा म्हाराजा, राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"आज तुझ्या पायाकडे जी काय तुझी लेकरां जमली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो जो काय डोंगर आसा, ही जी काय भिरंडां आसत, ती कोणा मनशान लावली नाय, कोणी शिंपली नाय, ती तुझ्याच कृपेन रानात उगवली!"

इथे गाव किंचित अडखळलं. एक-दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पण गाऱ्हाण्यातला होकार विचारून येत नाही; तो शिंकेसारखा येतो. आवाज चढला की गळे आपोआप उघडतात.

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रानाक धनी नाय, तूच तेचो धनी!"

"व्हय म्हाराजा!"

बाबलीने नारळ फोडला. तनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. गाव चहा प्यायलं, उंडे आणि पातळभाजी खाल्ली, आणि धाकूची पाठ थोपटून खाली उतरलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात तलाठ्याचा फोन आला. समिती येत होती. शनिवारी.

धाकू घाबरला नाही. गडगा पाडला तर पाडला. आळी बुजवली तर बुजवली. गावाची साक्ष तर होती. अख्ख्या गावाने प्रभावतीला घागरी वाहताना बघितलं होतं. तो बाबलीच्या अंगणात जाऊन बसला.

"बाबली, शनवारी येवंक व्हया. साहेबांका इतक्याच सांगायचा, झाडां आमी लावली ती."

बाबली सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला. "कोणी लावली?"

"आमी रे! तू बघलंस ना?"

"बघलंय तर. पण मागल्या आयतवारी राखणदाराक काय सांगलंय मी? कोणा मनशान लावली नाय, व्हय म्हाराजा. नारळ माझ्याच हातान फोडलंय. आता साहेबाक सांगू, मनशान लावली? मगे देवापुढे खोटो कोण? तू काय मी?"

"अरे, ता कॅमेऱ्यासाठी होता!"

"तुका माहीत, माका माहीत. देवाक कोणी सांगला, ता कॅमेऱ्यासाठी म्हणान?"

इतका वेळ धाकूला वाटत होतं की त्याने कंपनीपुढे थाप मारली. आता कुठे उमगलं की ती कुणापुढे मारली.

तो घरोघर फिरला. सगळ्यांनी पाणी दिलं, पाट दिला, साक्ष कुणी दिली नाही. शेजारच्या रुक्मिणीने तर कानच धरले. "नको रे बाबा, माझी म्हस व्यायची आसा." एकाने सल्ला दिला की उलट गाऱ्हाणं घालावं, सगळ्या गावापुढे चूक कबूल करावी. पण त्याला गावकार, म्हणजे गावचे मानकरी, बसायला हवेत, कौल घ्यायला हवा, आणि कौल लावणारा शेजारच्या सिंधुदुर्गात मेहुण्याच्या घरभरणीला गेलेला. समिती त्याच्या आधी येत होती. खरं तर गावाला थोडी मजाही येत होती. ज्या आवाजाने इतकी वर्षं सगळ्यांकडून होकार वसूल केला, तो आवाज आता दारोदार 'हो' मागत फिरतोय, हे सुख रोज कुठे मिळतं?

शुक्रवारी दुपारी धाकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. प्रभावती मासळी साफ करत होती.

"गो."

ती खवले काढत राहिली.

"आयकतंस? तू गाऱ्हाण्याक नव्हतंस."

सुरी थांबली.

"तू 'व्हय' म्हणूक नाय. सगळ्या गावात तूच एक रवलंस. तुझी साक्ष चलतली."

प्रभावतीने हात धुतले. पदराला पुसले. मग पाट ओढून त्याच्यासमोर बसली. तिचा चेहरा अगदी शांत होता, बाजारात गिऱ्हाईक दोनदा परत आल्यावर कोळणीचा होतो तसा.

"मगे? काय देशात?"

"म्हणजे?"

"साक्ष फुकट गावता? सगळ्या बाजारात फिरान इलात ना? खंय गावली नाय. आता हंयच आसा. बोला."

"गो, भाट आपला आसा!"

"आपला? गोंयच्या कायद्यान अर्धा माझा. लग्न झाल्यापसून. तुमका कोणी सांगूक नाय म्हणान कायदो बदलता काय?" ती किंचित पुढे झुकली. "आयका. सोलां मी विकतलंय, पेडण्यात, माझ्या नावान. बाटलीत घालूची नाय, सुंभ बांधूचो नाय. दोन झाडां तोडलात, थंय दोन रोपां तुमी लावायची आणि पाणी तुमी घालायचा. घागरीन."

"व्हय, व्हय. घालतंय."

"आणि खोल्यो बांधूच्यो नाय."

धाकू उठून उभा राहिला. "खोल्यांसाठीच तर सगळा चललेला! गौरेश घराक येतलो, तुझो झील!"

"माझो झील माझ्या झाडांच्या मुळांर सिमिट ओतून येवंचो आसात, तर थंयच रवांदे. घर आसा, खाली. तीन खोल्यो आसत, दोन रिकाम्यो. येवंचा तर तेणी घराक येवंक व्हया, दर्या दिसता म्हणान न्हय." तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. "माका काय तो नको आसा?"

धाकू पुन्हा बसला. बाहेर मांजर मासळीच्या वासाने दाराशी रडत होतं. रानाच्या यादीत राहिलं तर भाटही अडकतं आणि खोल्याही, बाहेर आलं तर नुसत्या खोल्या जातात. बराच वेळ त्याने दुसरी वाट शोधली. मग मान हलवली.

"तोंडान सांगा," प्रभावती म्हणाली. "मान काय, बैलय हलयता."

"कबूल आसा."

शनिवारी समिती आली. दोन साहेब आणि एक बाई. माणसं बरी होती, टोप्या घालून, घाम पुसत, पायवाटेने वर चढली. गाव अर्ध्या वाटेवर उभं राहिलं, साक्ष द्यायला नव्हे, बघायला.

"हे तर चांगलं घनदाट आहे," मोठे साहेब म्हणाले. सुकलेल्या काट्यांत त्यांची पँट अडकली. "गडगा नाही, आळी नाहीत. लागवड कुठे दिसते?"

धाकू काही बोलणार तेवढ्यात प्रभावती पुढे झाली. तिने साहेबांना हाताने खुणावून एका तोडलेल्या खुंटाशी नेलं.

"हंय उभे रवा साहेब. आता वर बघा. आता खाली बघा."

साहेबांनी बघितलं. मधली झाडं गेल्यामुळे फट पडली होती आणि त्या फटीतून वरची आणि खालची झाडं दोरी लावल्यासारखी एका रेषेत दिसत होती. साहेब हसले.

"कुणी लावली?"

"मी," प्रभावती म्हणाली.

"गावातलं आणखी कुणी सांगेल?"

गाव आपापल्या चपलांकडे बघू लागलं. बाबलीला खोकला आला.

"ते सांगूचे नाय," ती म्हणाली. "तेंची अडचण आसा, देवाची. माका अडचण नाय. मी राखणदाराक खोटा सांगूक नाय, तुमकाय सांगूचंय नाय. लावली मी, शिंपली मी, भिरंडां काढतंय मी. हात बघा."

तिने हात पुढे केले. सोलांच्या रसाने बोटं नखांपर्यंत तांबडी-काळी झालेली होती. समितीतल्या बाईंनी ती बोटं बघितली आणि वहीत काही लिहिलं.

"आणि हे कोण?" साहेबांनी धाकूकडे बोट दाखवलं.

प्रभावतीने नवऱ्याकडे वळून बघितलं, कुणी नव्याने भेटल्यासारखं.

"हे? हे वर्सातसून एकदा गाऱ्हाणा घालूक येतत."

गाव हसलं. आधी दबून, मग मोकळं. धाकूही हसला, कारण न हसता उभं राहणं जास्त कठीण होतं. साहेबांनी सांगितलं की लागवडीचं भाट म्हणून शिफारस जाईल, आणि इतकी चांगली झाडं तोडणाऱ्याला मात्र परवानगीशिवाय तोडल्याबद्दल विचारणा होईल. ती विचारणा कुणाला होणार, हे गावाने साहेबांना न विचारताच सांगून टाकलं. त्या बाबतीत देवाची काही अडचण नव्हती.

समिती खाली उतरत असतानाच धाकूच्या खिशात फोन वाजला. वास्कोहून गौरेश.

"बाबा! काय झाला? सुटला काय भाट?"

"सुटला."

"मगे खोल्यांचा? गवंड्याक सांगू?"

धाकूने वर बघितलं. प्रभावती झाडाखाली वाकून गळालेली भिरंडं पदरात वेचत होती. समितीच्या पायाखाली चिरडलेली बाजूला टाकत होती, चांगली ठेवत होती. तो फोन कानाला धरून तसाच चढ चढत गेला आणि फोन तिच्यापुढे केला.

"काय ता तुझ्या आवयक विचार," त्याने लांबूनच फोनला सांगितलं, आणि तिचे हात भरलेले दिसले म्हणून फोन तिच्या कानाशी धरून उभा राहिला.